थांबा क्रमांक पंधरा

विरार, ११ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे, तिकडेही असावं, असं लिहून मोकळी होते, कारण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. शेवटचं पत्र मी नववीत लिहिलं, तेही परीक्षेत, पाणीपुरवठा अधिकाऱ्याला. दहापैकी सात मिळाले होते.

व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं. पण माझ्या मेसेजला तीन वर्षं एकच टिक येते आहे. तुझ्या अनुष्काला मी त्याबद्दल काही विचारलं नाही आणि तिनंही चुगली केली नाही, तू ब्लॉक केलंस हे माझं मलाच कळलं. म्हणून हे तिच्या फिजिक्सच्या वहीत घालते. तिला बोलू नकोस. बिचारी पहिल्या बसला माझ्या मागच्या सीटवर बसते आणि आगाशी येईपर्यंत झोपते. वही मीच तिच्या बॅगेत सरकवणार आहे.

केळीवर या वर्षी रोग आहे म्हणे. आपल्या वाडीतल्या वाचल्या का? चाफा छाटलेला गाडीतून दिसला. बरं केलंस. दादा असता तर हात लावू दिला नसता, आणि मग पावसात फांदी कौलांवर पडली की सगळ्यांच्या नावानं ओरडला असता.

आता कामाचं. काल पालिकेची महासभा झाली. थॉमसनं, म्हणजे मी कंडक्टर असते त्या गाडीच्या ड्रायव्हरनं, डेपोत मोबाइलवर लावली होती. रस्त्यावरच्या दिव्यांवर भांडण, कुत्र्यांवर भांडण, मासळी बाजाराच्या छपरावर तर तासभर भांडण. आपला विषय सत्ताविसावा. तोवर अर्धी माणसं जेवायला उठली होती. चार मिनिटांत मंजूर. एक मार्चपासून आपली गाडी शाळा नाक्यावरून परत फिरणार. पुढे चिंचआळीत येणार नाही.

शाळा नाक्यापासून आपल्या शेवटच्या थांब्यावरच्या चिंचेपर्यंत दोन किलोमीटर. बांधावरचा रस्ता, एकीकडे खाजणाची दलदल, एकीकडे वाड्यांची कुंपणं, आणि दिव्याचा एक खांब नाही. अनुष्काची पहिली गाडी पावणेसहाची आहे हे तुला मी सांगायला नको. फुलवाल्या बायका त्याहून आधी येऊन उभ्या असतात, डोक्यावर टोपल्या घेऊन.

कारण काय दिलं माहीत आहे? शेवटच्या थांब्यावर प्रवासी शून्य. उतरणारे शून्य, चढणारे शून्य, तेही सलग तीन वर्षं. तू म्हणशील, मग मटिल्डा मावशी रोज दोन टोपल्या घेऊन चढते ती काय भूत आहे?

हरकती घ्यायला पंधरा दिवस ठेवलेत. तू सह्या गोळा कर. गावात अंगणवाडीच्या बाईंचं ऐकतात. पंचांचं ऐकत नाहीत इतकं तुझं ऐकतात. वर्तमानपत्रात नोटीस येईल ती कापून जोड. आपली नगरसेविका नवीन आहे, ती टॉवरकडे राहते, तिला चिंचआळी कुठे आहे ते नकाशावर दाखवावं लागेल. दाखव. रागावू नकोस तिच्यावर.

शून्य कसं आलं ते मला विचारू नकोस. म्हणजे विचार, पण आत्ता नको.

स्वप्ना

—

विरार, २० फेब्रुवारी

वहिनी,

सह्यांच्या कागदांची झेरॉक्स अनुष्कानं दिली. दोनशे चौदा. पहिली सही तुझी, तीच वळणदार, 'व'ला शेपूट काढलेली. सोबत चिठ्ठी नव्हती. बॅगेची चोरकप्प्यापर्यंत झडती घेतली, पोरगी म्हणाली, "आत्या, मम्मीनं काय नाय दिलं, खरंच." चालेल. मीही नसती दिली.

परवा सुनावणीला मी आले होते. तुला दिसले की नाही ठाऊक नाही. माझी दुसरी पाळी होती, सकाळी मोकळी होते. दाराशी पाण्याचा कूलर आहे ना, त्याच्या बाजूला उभी होते. तू पुढच्या रांगेत, अंगणवाडीच्या साडीत. चांगलं बोललीस. मावशी मध्येच उठून "साहेब, मी काय उडत जातंय का रोज?" म्हणाली तेव्हा सगळे हसले, पालिकेचे साहेबसुद्धा हसले. हसले आणि लॅपटॉप तुमच्याकडे फिरवला. शून्य, शून्य, शून्य. म्हणाले, "तुमच्या भावना समजतात हो. पण आकडे मशीनचे आहेत. ते मशीन छापतं, आम्ही नाही."

तेव्हा तू मागे वळून पाहिलंस.

वहिनी, त्या दिवसापासून मला बसवत नाही. उभं राहवत नाही. काल सुमेधच्या, माझ्या नवऱ्याच्या, चहात मीठ घातलं. सुट्टे देताना दोनदा चुकले, मी! एका बाईला तिच्या थांब्यावर उतरवायचीच विसरले, तिनं माझा उद्धार केला आणि मला बरं वाटलं. कोणीतरी बोललं एकदाचं.

तर सांगते. शून्य मी केलंय.

तिकिटाच्या मशीनला थांब्यांचे नंबर आहेत. शाळा नाका चौदा, आपला थांबा पंधरा. दोन्ही एकाच टप्प्यात येतात, भाडं तेच. पूर्वी कागदी तिकिटं होती, त्यावर टप्पा असायचा, नाव नसायचं. मशीन आलं आणि त्याच्यावर थांब्याची नावं छापून यायला लागली. आपल्या थांब्याला गाव 'टोकाची चिंच' म्हणतं. पण नावांची यादी ज्यानं बनवली त्यानं पालिकेच्या नकाशात पाहिलं असणार. तिथे चिंच नाही. तिथे पालिकेची मालमत्ता एकच आहे. म्हणून पंधरा नंबर दाबला की 'स्मशानभूमी' छापून येतं.

मशीन आल्यापासून मी पंधरा नंबर एकदाच दाबलाय, तोही पालिकेची मोजणी सुरू व्हायच्या आधी.

उतरणाऱ्यांना चौदा देते. टोकाहून सुटताना बायकांना म्हणते बसा, आणि शाळा नाका आल्यावर तिथून चढल्यासारखी तिकिटं फाडते. पासवाल्यांचा थांबा मशीनमध्ये जातच नाही, म्हणजे अनुष्कासारख्या पोरीही कुठे दिसत नाहीत. मटिल्डा मावशीला एकदा चुकून माझ्या बदली कंडक्टरकडून खरं तिकीट मिळालं होतं, तर तिनं ते त्याच्या खिशात परत कोंबलं आणि त्याला ते रद्द करावं लागलं. "सकाळी सकाळी फुलं घेऊन चालले मी, मला नको तो मसणाचा कागद." मग मी त्यालाही सांगून ठेवलं, चौदा दे, भाडं तेच आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला लहान मूल आहे. गावातल्या कोणाचीच तक्रार नव्हती. उलट दिवाळीला मला टोपलीभर केळी आली. मी म्हणायची, बघा, किती माणुसकीनं नोकरी करते.

आणि त्या माणुसकीनं गाव नकाशावरून पुसलं.

केनी साहेबांना, आमच्या सुपरवायझरना, मी काल हे सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. म्हणाले, "स्वप्ना, चुकीच्या थांब्याचं तिकीट म्हणजे खोटं तिकीट. ठेकेदार का आणि कशासाठी विचारत बसणार नाही. गाडी तर गेलीच, तू कशाला जातेस तिच्याबरोबर?" माणूस वाईट नाही. मला जपायलाच म्हणाला. सुमेध काही बोलला नाही, पण त्याची कंपनी बंद होऊन आठ महिने झाले आहेत आणि घरात सध्या कामाला जाणारी मी एकटी आहे, तेव्हा त्याचं न बोलणंही मला ऐकू येतं. शेवटी एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून बस राहील, असं लिहून दिलंय का कुणी?"

नाही दिलेलं. तेच तर आहे. सत्तावीस तारखेला शेवटची सुनावणी. पुरावा आणा म्हणाले. पुरावा मी आहे, आणि माझे पाय दोन्हीकडे ओढतायत.

एवढं लिहिलं आणि अजून खरं लिहिलं नाही. तुला कळलंच असेल, मी कशाभोवती फिरतेय.

दादाच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी तू आगाशीला बाजारात गाडीत चढलीस. दादाच्या मृत्यूच्या दाखल्याचं काम करून आली होतीस, हातात ती प्लास्टिकची फाइल. मी ड्युटीवर जायला नको होतं, पण घरी बसवत नव्हतं. मशीन येऊन चारच दिवस झाले होते, माझ्या हातात त्या दिवशी पहिल्यांदाच. तुला बघून मी काही विचारलं नाही. तू कुठे जाणार हे मी विचारायचं? यादीतला शेवटचा नंबर म्हणून पंधरा दाबलं आणि कागद तुझ्या हातात दिला.

तू वाचलंस. मी नव्हतं वाचलं. 'आगाशी बाजार ते स्मशानभूमी. प्रवासी १.'

तू म्हणालीस, "तुला दुसरं काय द्यायला नाही मिळालं?"

मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला शंभर प्रकारे सुचतं. दारात, न्हाणीत, भाजी चिरताना सुचतं. चुकले म्हण. रड. तिच्या हातातून कागद घे आणि फाड. यातलं काहीच मी केलं नाही. गाडी भरलेली, सगळे बघतायत, मला तुझा राग आला. भाऊ माझाही गेला होता ना! मी म्हणाले, "ते मशीन छापतं, मी नाही."

तू तिकीट माझ्या हातावर ठेवलंस आणि मी घंटी मारायच्या आत उतरलीस. उन्हात. तिथून घर साडेचार किलोमीटर. तू रस्त्याच्या कडेनं चालत होतीस आणि आमची गाडी तुझ्या बाजूनं गेली. थॉमसनं गती कमी करून आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चल म्हणून.

त्यानंतर मी पंधरा कधी दाबलं नाही. हीच माझी माफी होती बघ. तुला सोडून सगळ्या गावाची मागितली.

तुझं ते तिकीट मी बिल्ल्याच्या पाकिटात ठेवलंय. या मशीनच्या कागदावरची अक्षरं टिकत नाहीत. सहा महिन्यांत पुसट झालं, आता नुसता पांढरा तुकडा उरलाय. तरी मला वाचता येतं.

मी काय करावं ते तू सांगू नकोस. सांगितलंस तर मात्र ऐकेन.

तुझी (हे लिहू का नको करत लिहिलं)
स्वप्ना

—

विरार, २८ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तुला का लिहिते आहे, तू तर सगळीकडे होतीस. पण तुला माझ्या बाजूनं दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

एकवीस तारखेपासून मी खरी तिकिटं द्यायला लागले. ठरवून नाही. पहिली फेरी होती, बोट चौदावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग पंधरा दाबलं. गाडीत गोंधळ! एक म्हातारे काका तिकीट घ्यायलाच तयार होईनात, म्हणाले, "मला घाई नाही, दुसऱ्याला दे." मावशीनं तर हात मागे घेतला. मी म्हणाले, "मावशी, हा कागद घेतला नाही तर टोपली डोक्यावर घेऊन शाळा नाक्यापासून चालायचं आहे." तिनं माझ्याकडे बघितलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि तिकीट घेतलं. पण टोपलीत ठेवलं नाही हं, चपलेत ठेवलं.

पाच दिवसांत दोनशेऐंशी माणसं पंधरा नंबरवर चढली-उतरली. पण तीन वर्षांच्या शून्यापुढे पाच दिवस म्हणजे काय? केनी साहेब म्हणाले, "लोक म्हणतील, ठराव झाल्यावर मुद्दाम छापली." म्हणतीलच. मीही म्हटलं असतं. तिकिटांनी भागणार नव्हतं, तोंडानं सांगावं लागणार होतं. आणि ते माझ्याच्यानं होईल असं मला परवापर्यंत अजिबात वाटत नव्हतं. रजेचा अर्ज लिहून ठेवला होता, पोटदुखीचा. खरं सांगते.

परवा आगाशीला बाजारात गाडी थांबली आणि तू चढलीस.

मी आधी साडी पाहिली, मग तुला. तीन वर्षांत तुझे केस किती पिकले, वहिनी. तू पुढच्या सीटवर बसलीस. मी मागून तिकिटं देत देत आले, मुद्दाम सावकाश, दोघांना तर पुन्हा विचारलं. मग तुझ्यापर्यंत आलेच. बोलण्यासारखं तोंड उरलं होतं कुठे?

तू म्हणालीस, "एक दे. स्मशानभूमी."

मोठ्यानं म्हणालीस. मागच्या मावशीलाही ऐकू गेलं.

माझं बोट हलेना. तू माझ्याकडे बघून हळू म्हणालीस, "दाब गो. तुझ्या दादाला तिथंच ठेवलाय आपण. त्याच्या नावाची लाज आहे काय आपल्याला?"

मी दाबलं. कागद फाडताना वाकडा फाटला. तू तो वाचलास, घडी घातलीस आणि मंगळसूत्र असायचं तिथे, ब्लाउजमध्ये, ठेवलास. मग खिडकीबाहेर बघत बसलीस. मी मागे जाऊन रडले. थॉमसनं आरशातून पाहिलं आणि शाळा नाक्यापर्यंत उगाच हॉर्न वाजवत राहिला.

रजेचा अर्ज मी त्याच दुपारी फाडला.

काल सुनावणीत साहेबांनी विचारलं, कोणाला आणखी काही सांगायचंय का, तेव्हा मी कूलरपासून पुढे आले ते तू पाहिलंस. गणवेशात आले, बिल्ला लावून. लपून सांगितलं असतं तर दोष परत मशीनवरच गेला असता. इतका वेळ कूलरपाशी उभी राहून पाणी प्यायचं सुचलं नव्हतं! साहेब म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं बोलतं, असं तुमचं म्हणणं?" मी म्हणाले, "नाही साहेब. मशीन आपोआप काही छापत नाही. बटण मी दाबते."

हे वाक्य त्यांना सांगितलं खरं, पण बघत तुझ्याकडे होते.

ठराव तीन महिने थांबला. पालिकेचा माणूस गाडीत बसून माणसं मोजणार आहे, मग पुन्हा महासभा. नगरसेविकाबाई शेवटी उठून म्हणाल्या की थांब्याचं नाव बदलायचा प्रस्ताव त्या स्वतः आणतील, तर मावशीनं आत्तापासून 'टोकाची चिंच' आणि जुन्या सरपंचांच्या भावानं दुसरंच काही लावून धरलंय म्हणे. भांडा. बस येते आहे तोवर हवं तितकं भांडा.

पाच वाजता केनी साहेबांनी मशीन आणि बिल्ला जमा करून घेतला. ठेकेदाराचा कागद मला उद्या मिळेल. साहेबांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला होता, शेवटी मीच त्यांना चहा पाजला. बिल्ल्याचं पाकीट रिकामं करून देताना तो पांढरा कागद हातात आला. साहेब म्हणाले, कोरा आहे, टाकून दे. मी टाकला नाही. या पत्राबरोबर पाठवते. तुझंच तिकीट आहे ते.

घरी सुमेधला सांगितलं. त्यानं कांदे चिरायला घेतले. पुढे कसं होईल मला ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? पण आज दोन्ही वेळा चहात साखरच पडली.

आता एक मागते. रविवारी घरी येऊ का? तीन वर्षं आमची गाडी दिवसातून सहा वेळा तुझ्या दाराशी वळली आणि मी पायरीवरून खाली उतरले नाही. पलीकडे दादाला ठेवलेली जागा, ती मी फक्त गाडीच्या मागच्या काचेतून पाहिली आहे. मला तिथे एकदा तुझ्याबरोबर उभं राहायचंय. दहाच्या गाडीनं येईन. नवीन कंडक्टर असेल, त्याला थांब्याचं नाव मीच सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उत्तर लिहू नकोस. चिंचेखाली येऊन उभी राहा, म्हणजे मी उतरेन.

तुझी नणंद,
स्वप्ना
(प्रवासी १)